रीफाइंड बूट मॅनेजर: विंडोज-उबंटू एकत्र असलेल्या लॅपटॉपसाठी

दुकानाचं टॅली विंडोजवर आणि मुलांचं कॉलेजचं काम उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार), असा घरात एकच लॅपटॉप असेल तर सुरुवातीचा मेनू सगळ्यांना कळला पाहिजे. हा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामला बूट मॅनेजर म्हणतात. इथे रॉडरिक स्मिथ यांचा रीफाइंड हा उबंटूसोबत येणाऱ्या ग्रबपेक्षा नक्कीच सरस आहे. फुकट आहे, मोठी चित्रं दाखवतो आणि दर वेळी सुरू होताना डिस्क स्वतः तपासतो, म्हणून उबंटूचा नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आला तरी मेनू पुन्हा बनवावा लागत नाही. ग्रबमध्ये २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणं मुळातच बंद असतं. मेनूतून विंडोज गायब होतं ते अनेकदा त्यामुळेच.

आधी एक तपासा. जळगावच्या गोलाणी मार्केटातून जुना लॅपटॉप घेतला असेल तर विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवून 'बायोस मोड' बघा. लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसलं तर रीफाइंड विसरा, ग्रबच ठेवा. यूईएफआय (नवी पद्धत) असेल तर उबंटूच्या टर्मिनलमध्ये 'सुडो एपीटी इन्स्टॉल रीफाइंड' पुरेसं आहे.

पहिल्यांदा मेनूत नको तितकी चित्रं दिसतात. नको ते निवडून डिलीट दाबा. नोंद फक्त लपते, फाइल जागेवरच राहते. थांबण्याची वेळ २० सेकंद असते, रीफाइंडच्या कॉन्फ फाइलमध्ये 'टाइमआउट' ५ करा. शून्य करू नका, तो मेनूवर कायमचा थांबतो. उन्हाळ्यात वीज येते-जाते तेव्हा आपोआप सुरू होणारं मशीन तसंच अडकून राहील. उबंटूचा ग्रबही सुरू होत असतानाच वीज गेली की पुढच्या वेळी ३० सेकंद थांबतो. रीफाइंडला ती खोड नाही.

खरा त्रास सिक्युअर बूटचा, म्हणजे सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा. ते चालू ठेवायचं तर शिम (सही असलेला छोटा मधला प्रोग्राम) आणि स्वतःची किल्ली नोंदवणं आलं, आणि नवख्या माणसाची गाडी तिथेच अडते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

मोठ्या अपडेटनंतर विंडोज कधीकधी स्वतःला पहिल्या नंबरवर नेतं. घाबरू नका, रीफाइंड पुसलेला नसतो. सुरू होताना एचपीवर एफ९, डेल-लेनोवोवर एफ१२ दाबून उबंटूत शिरा आणि 'ईएफआयबूटएमजीआर' या कमांडने क्रम पुन्हा लावा.

घड्याळ साडेपाच तास मागे-पुढे झालं तर दोष रीफाइंडचा नाही. लॅपटॉपच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). उबंटूत 'टाइमडेटसीटीएल' कमांडने स्थानिक वेळ लावली की जुळतं.