ट्रोप बघून प्रेमकादंबऱ्या निवडल्या: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी इंग्रजी प्रेमकादंबऱ्या एकाच पद्धतीने निवडतेय. आधी ट्रोप, म्हणजे कथेचा ठरलेला साचा, मग नायक-नायिकेचा स्वभाव, आणि शेवटी लेखकाचं नाव. पुस्तकांच्या ॲपवर आणि वाचकांनी चालवलेल्या याद्यांवर हल्ली प्रत्येक कादंबरीला टॅग लावलेले असतात: एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम), फेक डेटिंग (प्रेमाचं खोटं नाटक), सेकंड चान्स (तुटलेलं प्रेम पुन्हा जुळणं), सोयीचं लग्न, स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम). त्यांच्या जोडीला पात्रांचे टॅग: ग्रंपी म्हणजे चिडका हीरो, सिनॅमन रोल हीरो म्हणजे मऊ मनाचा, कुणाला न दुखावणारा नायक, बुजरी नायिका, पुस्तकवेडी नायिका. हवे ते दोन-तीन टॅग टाकायचे आणि समोर येतील त्या कादंबऱ्यांमधून एक उचलायची.

पद्धत चांगली आहे आणि मी ती सोडणार नाही. पण या काळात माझं एक मत पक्कं झालंय. ट्रोपच्या टॅगपेक्षा पात्राचा टॅग जास्त भरवशाचा असतो. आणि पुस्तक आवडेल की नाही हे ज्यावर ठरतं, ती गोष्ट कुठल्याच टॅगमध्ये नसते: हे दोघं पहिल्या पन्नास पानांतच एकत्र का येत नाहीत?

ही पद्धत ॲपमुळे आली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशनसंस्था १९०८ ची. तिथे डॉक्टर-नर्सच्या कथा वेगळ्या मालिकेत, ऐतिहासिक वेगळ्या, श्रीमंत नायकांच्या वेगळ्या, अशी विभागणी बऱ्याच वर्षांपासून आहे. वाचक मालिका बघूनच पुस्तक उचलतो. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचं ‘रीडिंग द रोमान्स’ १९८४ साली आलं. त्यात त्यांनी डॉट असं नाव दिलेली पुस्तकाच्या दुकानातली एक विक्रेती आहे. गावातल्या बायका तिला विचारून प्रेमकादंबऱ्या घ्यायच्या. नव्या पुस्तकांबद्दल लिहून ती स्वतःचं एक वार्तापत्रही काढायची. या वाचक बायकांची पहिली अट एकच होती, शेवट सुखाचा हवा. आपल्याकडे सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या टेबलामागे बसलेले काका हेच काम करत. कुणाला काकोडकर द्यायचे आणि कुणाला कुमुदिनी रांगणेकर, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. ॲप हेच काम करतं, फक्त त्याला आपला चेहरा दिसत नाही.

सुखान्ताची अट आजही तशीच आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही लेखकांची संघटना १९८० मध्ये सुरू झाली. तिच्या व्याख्येत दोन गोष्टी येतात: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशादायी हवा. त्यामुळे रोमान्स या टॅगखाली पुस्तक घेतलं की दोघं एकत्र येणार हे आधीच ठरलेलं असतं. मला याचा कधीच कंटाळा आला नाही. शेवट माहीत असला की लक्ष आपोआप ‘कसं’ याच्यावर जातं, आणि तिथेच चांगली लेखिका ओळखू येते.

आता एनिमीज टू लव्हर्स. हा टॅग सगळ्यात लोकप्रिय आहे आणि सगळ्यात कमी सांगणाराही. सॅली थॉर्नची ‘द हेटिंग गेम’ (२०१६) या टॅगखाली हमखास येते. दोन प्रकाशनसंस्था एकत्र झाल्यात आणि दोन प्रमुखांचे दोन साहाय्यक, लूसी आणि जोशुआ, समोरासमोर बसतात. दोघांची पायरी एकच, दोघांची नजर वरच्या एकाच जागेवर. त्यांचं वैर म्हणजे चुरस आहे. त्यात कुणी कुणाचं खरं नुकसान करत नाही, आणि म्हणूनच ते वाचताना मजा येते. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) याच टॅगखाली येते. तिथे मात्र डार्सीने एलिझाबेथच्या बहिणीचं जमत आलेलं मोडलेलं असतं. हा अपराध खरा आहे, आणि त्याला त्याची भरपाई कृतीने करावी लागते. आणि १९७२ च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ लाही काही याद्यांवर वैर-मग-प्रेम अशा धर्तीचे टॅग दिसतात. कॅथलीन वुडिविस यांच्या या कादंबरीने अमेरिकेत ऐतिहासिक प्रेमकथांची लाट आणली, पण तिच्यात नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो. चुरस, अपराध आणि अत्याचार या तीन गोष्टी एका टॅगखाली नांदतात. ज्या वाचकाला पहिली हवी आहे तिच्या हातात तिसरी पडली तर ती पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. म्हणून हा टॅग बघितला की मी आधी दोघांमध्ये कुणाच्या हातात किती सत्ता आहे ते शोधते. एकाच पायरीवरचे असतील तर निर्धास्त घेते. एकाची नोकरी, घर किंवा अब्रू दुसऱ्याच्या हातात असेल तर आधी वाचकांचे इशारे वाचते.

मघाच्या प्रश्नाकडे येते, दोघांना काय अडवतंय. पामेला रेजिस यांच्या ‘अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल’ (२००३) या अभ्यासात प्रेमकादंबरीचे आठ अनिवार्य घटक सांगितले आहेत आणि अडथळा हा त्यातला एक. बाहेरचा असेल किंवा आतला. बाहेरचा म्हणजे घरचे, पैसा, कायदा, अंतर. आतला म्हणजे भीती, अभिमान, जुनी जखम. वाचायला लागल्यापासून मला ज्या कादंबऱ्या आवडत आल्या त्या आठवून बघितल्या, तर बहुतेकांत अडथळा बाहेरून सुरू होऊन आत सरकतो.

सेकंड चान्सचं उदाहरण घ्या. या टॅगखाली ढिगाने पुस्तकं आहेत आणि त्यातल्या पुष्कळांत अडथळा म्हणजे एक न पोचलेलं पत्र किंवा एक अर्धवट ऐकलेलं वाक्य. पाच मिनिटं बोलले असते तर कादंबरी संपली असती. आता ऑस्टिनचीच ‘पर्स्वेजन’ बघा. आठ वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, अ‍ॅनने वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडलं, कारण आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने तिला तसं पटवलं. त्याच्याकडे पैसा नव्हता. आता ती सत्तावीस वर्षांची आहे, घराण्याला उतरती कळा लागलीय, आणि तो नौदलात पैसा कमावून परतलाय. बाहेरचा अडथळा संपला. उरलाय तो त्याचा राग, आणि ‘मला विचारण्याचा हक्क उरला नाही’ असं मानणारी तिची गप्प वृत्ती. गैरसमज कुठेच नाही. दोघांनाही नेमकं काय झालं ते ठाऊक आहे, आणि म्हणून प्रत्येक भेट जड जाते. सेकंड चान्स या टॅगवर माझा विश्वास बसला तो हिच्यामुळे.

पात्रांचे टॅग का भरवशाचे, तर स्वभाव पानोपानी दिसतो. ट्रोप कधीकधी तीनच प्रसंगांत उरकतो. ‘सगळ्यांची व्यवस्था लावणारी नायिका’ हा टॅग टाकला आणि जॉर्जेट हेयर यांची ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) मिळाली. वडील ब्राझीलला निघालेत म्हणून सोफी लंडनला आत्याकडे राहायला येते, सोबत माकड, पोपट आणि कुत्रा घेऊन, आणि त्या कोंदटलेल्या घरातल्या प्रत्येकाचं भलं करायचं मनावर घेते. आत्याचा थोरला मुलगा चार्ल्स घराच्या कर्जाने वाकलेला, सतत चिडलेला. शेवटी लग्न या दोघांचंच. आजच्या इंग्रजी वाचकांना या नात्याचं अवघडलेपण वाटतं, परीक्षणांत तसं लिहिलेलं असतं. मामाच्या मुलीशी लग्न ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत झालीय, त्यामुळे मराठी वाचकाला त्यात काही खटकायचं कारण नाही. खटकायला हवं ते दुसरंच: या कादंबरीत एका ज्यू सावकाराचं चित्रण आहे, आणि ते उघड द्वेषाचं आहे. त्याबद्दल कुठलाही टॅग मला दिसला नव्हता. सोफी मला फार आवडते, आणि कुणालाही ही कादंबरी देताना मी त्या प्रकरणाबद्दल आधी सांगते.

टॅगचा सगळ्यात मोठा उपयोग कुठे झाला, तर जी माणसं पूर्वी प्रेमकथेच्या मध्यभागी येतच नसत ती शोधायला. हेलन होआंग यांच्या ‘द किस कोशंट’ (२०१८) ची नायिका स्टेला अर्थमितीतज्ज्ञ आहे आणि ऑटिस्टिक आहे. लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहे. पैसा स्टेलाकडे आणि अडचणीत मायकल. हा व्यवसायाने एस्कॉर्ट, म्हणजे पैसे घेऊन सोबत करणारा, आईच्या आजारपणामुळे स्वतःचं फॅशन डिझाइनचं काम सोडून घरी परतलेला. सत्तेचा तराजू इथे नेहमीच्या उलट झुकलेला आहे, आणि मायकलला वाटणारी लाज हाच कथेचा खरा अडथळा आहे. तालिया हिबर्ट यांच्या ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (२०१९) मधल्या क्लोईला फायब्रोमायल्जिया आहे. कायम अंग दुखणाऱ्या बाईचं प्रेम, आणि तेही तिला बरं न करता! तिची दुखणी शेवटपर्यंत तिच्यासोबत राहतात. रेड हा तिचा नायक आधीच्या नात्यात मार आणि अपमान सोसून आलेला आहे. घरी दुखणं असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला हे पुस्तक दिलं. तिने ते दोनदा वाचलं. लायब्ररीच्या काकांकडे जाऊन ‘ज्या नायिकेचं अंग दुखतं अशी प्रेमकथा द्या’ असं मागायला कुणाची जीभ रेटली असती? टॅगमुळे ते मागता येतं, यासाठी मी या पद्धतीची ऋणी आहे. मात्र या दोन्ही पुस्तकांत शृंगार सविस्तर आहे, हे ज्याला नको त्याने लक्षात ठेवावं.

दुसऱ्यासाठी निवडताना तर पात्र आधी, हाच नियम. सांगलीची माझी मावशी बँकेतून निवृत्त झालीय, इंग्रजी भरपूर वाचते. तिची मागणी स्पष्ट होती: “अगं, ते अंगावर धावून जाणारे हिरो नकोत मला. आणि बंद खोलीतलं वर्णन तर मुळीच नको. समजूतदार माणसं दे.” ट्रोप शोधत बसले असते तर अडकले असते. समजूतदार, व्यवहारी नायिका शोधली आणि हेयर यांचीच ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ (१९६१) दिली. अ‍ॅडम युद्धावरून परततो तो बापाच्या कर्जाचा वारस म्हणून. घर वाचवायला तो एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो, मनात दुसरी असताना. जेनी दिसायला साधी, कामाला वाघ. त्याला काय खायला आवडतं, कशाने त्याचं डोकं चढतं, हे ती बघत राहते आणि काही मागत नाही. इथे अडथळा आहे उपकाराचा. सासऱ्याचे पैसे घेतलेला नवरा बायकोकडे मोकळेपणाने बघू शकत नाही. मावशीचा जीव मात्र त्या सासऱ्यावर जडला, न विचारता जावयाचं अख्खं घर झगमगीत सामानाने भरून टाकणाऱ्या चॉलीवर. “माणूस बोलायला रांगडा, पण लेकीसाठी काळीज काढून देईल,” म्हणाली. काही वाचकांना या कादंबरीचा शेवट कोरडा वाटतो. ज्यांनी आजूबाजूला ठरवून झालेली लग्नं हळूहळू मुरताना बघितलीत त्यांना तो तसा वाटेल असं मला वाटत नाही.

एकच ट्रोप लागोपाठ वाचू नये, हे ठामपणे सांगते. फेक डेटिंगची तिसरी कादंबरी हातात घेतली की पुढचा प्रसंग कुठला ते कळायला लागतं आणि चांगली लेखिकासुद्धा फिकी वाटते, यात तिचा दोष नसताना. मध्ये ऐतिहासिक एखादी घालावी. आणि ज्या पुस्तकाच्या जाहिरातीत फक्त ट्रोपची यादी आहे, पात्रांबद्दल एक ओळही नाही, ते मी आता घेत नाही.

भारतीय पात्रांच्या बाबतीत टॅग अजून फार ढोबळ आहेत. ‘इंडियन हीरोइन’ म्हटलं की राजस्थानातली, तमिळ, अमेरिकेत वाढलेली, सगळ्या एकाच ढिगात. सोनाली देव यांच्या ‘अ बॉलिवूड अफेअर’ (२०१४) मधली मिली राजस्थानातून मिशिगनला शिकायला गेलीय. चौथ्या वर्षी लागलेलं तिचं लग्न अजून कागदोपत्री लटकलंय, आणि नवऱ्याचा भाऊ समीर स्वतःची ओळख लपवून तिच्याकडून सही घ्यायला येतो. त्यांच्याच ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’ (२०१९) मध्ये नायिका त्रिशा राजे मेंदूची शल्यविशारद आहे, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या राजघराण्यातली. तिच्यासमोर उभा आहे शेफ डीजे, आणि त्याच्या बहिणीच्या मेंदूतल्या गाठीवर उपचार करणारी त्रिशाच आहे. ऑस्टिनमधला गर्विष्ठ श्रीमंत इथे बाई झालाय. हुशार, कामात चोख, माणसांशी बोलताना मात्र नको ते बोलून जाणारी नायिका कुणाला हवी असेल तर मी आधी हिचं नाव घेते. मिली त्यानंतर, कारण तिच्या गोष्टीत समीरचं खोटं बरंच लांबतं आणि ज्यांना फसवणूक सहन होत नाही त्यांनी ती जपून घ्यावी.

मराठी कादंबऱ्यांसाठी अशी यादी माझ्या पाहण्यात नाही, आणि मला ती मनापासून हवी आहे. सुखान्ताचा करार आपल्या कादंबरीने कधी केलेला नाही, त्यामुळे इंग्रजी टॅग जसेच्या तसे इथे लागू पडणार नाहीत. पण पात्र आणि अडथळा या दोन रकान्यांवर सुरुवात करता येईल. मी वहीत केलीय. लायब्ररीतून आणलेल्या प्रत्येक जुन्या कादंबरीसमोर नायिका कशी, नायक कसा, काय आड येतंय आणि शेवट कसा, एवढं लिहून ठेवते. मावशीला फोनवर त्यातूनच वाचून दाखवते आणि ती निवडते.