ऑर्किड : प्राध्यापकांच्या कामाची नोंदवही

महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालासाठी प्राध्यापकांचे शोधनिबंध, पुस्तके, अनुवाद, नाट्यप्रयोग आणि प्रदर्शने यांची यादी जुळवण्याचे काम माझ्याकडे असते. त्यासाठी मी ऑर्किड ही सेवा नियमितपणे वापरते आणि ती मला मनापासून आवडते.

२०१२ साली सुरू झालेली ही सेवा प्रत्येक संशोधकाला १६ चिन्हांचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक विनामूल्य देते. त्याचे मोल नावांचा घोळ पाहिल्यावरच कळते. एकाच अध्यापिकेचा एक निबंध माहेरच्या आडनावाने, दुसरा सासरच्या आडनावाने आणि तिसरा नुसत्या आद्याक्षरांनी छापलेला असतो. आमच्या एका जुन्या यादीत अशा एका अध्यापिकेची नोंद दोन वेगळ्या व्यक्ती म्हणून झाली होती, आणि ते ध्यानात आले तेव्हा अहवाल छापून झाला होता. ऑर्किडमध्ये नावाची ही सगळी रूपे एकाच क्रमांकाखाली देता येतात. क्रमांकातील शेवटचे चिन्ह आधीच्या १५ अंकांवरून गणिताने काढलेले असते (म्हणूनच तेथे कधी कधी ‘एक्स’ दिसतो), त्यामुळे उतरवून घेताना एखादा अंक चुकला, तर ती चूक पकडता येते.

निबंध पाठवताना लेखकाने हा क्रमांक दिला, प्रकाशकाने तो डीओआयसह (म्हणजे निबंधाच्या स्वतःच्या कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांकासह) क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे कळवला आणि लेखकाने एकदा परवानगी दिली, की निबंध आपोआप त्याच्या ऑर्किडमधील नोंदीत येतो. सर्जनशील कामाचे मात्र इतके सोपे नाही. कलासादरीकरण, अनुवाद असे प्रकार उपलब्ध आहेत, परंतु नाट्यप्रयोगाला सहसा डीओआय नसतो, त्यामुळे तो हातानेच भरावा लागतो. असा ओळखक्रमांक नसलेले काम दोन ठिकाणांहून आले, तर ते दोनदा दिसण्याची शक्यता राहते, कारण एकसारख्या नोंदी ओळखक्रमांकांच्या आधारेच एकत्र केल्या जातात.

ऑर्किड कामाच्या खरेपणाची ग्वाही देत नाही. नोंद कोणी केली, एवढे मात्र प्रत्येक नोंदीसोबत स्पष्ट दाखवते. माझ्या दृष्टीने हे पुरेसे आहे, कारण स्वतः भरलेल्या नोंदीसाठी मी कार्यक्रमपत्रिका किंवा प्रदर्शनाची पुस्तिका मागून घेते. उद्धरणांची संख्या किंवा क्रमवारी येथे नसते, हेही मला योग्य वाटते. एका कवितासंग्रहाची तुलना दहा शोधनिबंधांशी करण्याचा प्रसंगच येत नाही.

नाट्यदिग्दर्शन करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची नोंद आम्ही दोघांनी शेजारी बसून भरली. निबंध काही मिनिटांत जमा झाले, प्रयोगांना मात्र तीन दुपारी लागल्या, आणि पहिल्या प्रयोगाची तारीख अखेर त्यांच्या हस्तलिखित संहितेच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली सापडली.