शाळेच्या गेटवरची कार्ड-हजेरी: बडोद्याच्या शाळांनी घ्यावी का?

मुलाने गेटवर कार्ड टेकवलं की घरच्या मोबाइलवर ‘पोहोचला’ असा निरोप जातो. एवढं दाखवून कार्ड-हजेरीचा संच शाळांना विकला जातो. त्यात कार्ड वाचणारं यंत्र म्हणजे रीडर, मुलागणिक एक कार्ड, ऑफिसातल्या संगणकासाठी सॉफ्टवेअर आणि एसएमएसची वर्गणी येते. मोजणी हा संच नीट करतो. पण शाळा पैसे घालते ते खाडे कमी व्हावेत म्हणून, आणि तिथे बहुतेक संच अर्ध्यावर थांबतात.

आधी रीडर. टेकवायचं कार्ड दोन-चार सेंटीमीटरवरून वाचलं जातं. एका मुलाला तीन सेकंद धरले तर ६०० मुलांना अर्धा तास लागतो, म्हणून एवढ्या शाळेला किमान दोन रीडर हवेतच. लांबून वाचणारं कार्ड गर्दी टाळतं, पण दप्तरात ते स्टीलच्या डब्याला चिकटलं किंवा पाण्याच्या बाटलीआड गेलं की वाचलं जात नाही आणि हजर मूल गैरहजर ठरतं. ते कार्ड गळ्यातच हवं. टेकवायच्या कार्डाची अडचण निराळी: एकच मुलगा चार मित्रांची कार्डं टेकवतो. त्यामुळे पहिल्या तासाला वर्गशिक्षकाने डोकी मोजून यादी पक्की केल्याशिवाय निरोप जाताच कामा नये. विकणारे ही पायरी गाळायला सांगतात, ती गाळू नका.

निरोपाची वेळही सांभाळावी लागते. घंटेनंतर दहाव्या मिनिटाला ‘गैरहजर’ गेलं आणि मांडवीच्या गर्दीत वर्दीची, म्हणजे महिन्याने ठरवलेली शाळेची रिक्षा अडकलेली असली, की त्या वर्दीतल्या सगळ्या आया एकदम घाबरतात. ४५ मिनिटं थांबा. पावसाळ्यात विश्वामित्री नदीला पूर आला, ऑगस्ट २०२४ मध्ये आला तसा, की शाळा अचानक बंद होते. त्या सकाळी सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये कुणी सुट्टी टाकली नाही तर सगळी शाळा गैरहजर! हे काम घरून मोबाइलवर करता येतं का, ते घेण्याआधी करून पाहा. वीज गेल्यावर रीडर नोंदी साठवून ठेवतो का, तेही.

मराठी-गुजरातीतला एसएमएस ७० चिन्हांत बसवावा लागतो, इंग्रजीला १६० मिळतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘शाळेत’ आपण तीन अक्षरांत लिहितो, मोजणीत ती पाच चिन्हं होतात. मजकूर ७० च्या वर गेला की दोन निरोपांचे पैसे लागतात. ‘साहिल आज शाळेत आला नाही. कारण कळवा.’ एवढं ३५ चिन्हांत मावतं. घरचे दोन नंबर घ्या. वडील मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पाळीवर असतील तर त्यांच्या फोनवरचा निरोप दुपारी वाचला जातो.

आता मुख्य दोष. सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यात वर्गाची टक्केवारी येते: ९५. चाळीस मुलांचा वर्ग, महिन्याचे २० दिवस, म्हणजे ८०० पैकी ४० खाडे. चाळीस जणांचा एकेक खाडा असेल तर काळजी नाही. चौघांचे दहा-दहा असतील तर ती चार मुलं निम्मा महिना शाळेबाहेर आहेत. टक्केवारी दोन्हीकडे ९५च दिसते, आणि मुख्याध्यापक समाधानाने पान बंद करतात.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरावी लागते. दहा टक्के दिवस बुडाले की मूल धोक्यात, असं या क्षेत्रात धरतात. सातवीतल्या मुलीचे ते २२ खाडे होतात, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन. घरच्यांना दोन खाडे किरकोळ वाटतात, म्हणूनच वर्षाची बेरीज मुलाच्या नावापुढे रोज दिसायला हवी. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत तीन खाडे झाले की वर्गशिक्षकाने फोन करावा. आठवीपर्यंत नाव काढता येत नसल्यामुळे पटावर सगळं ठीक दिसतं आणि मूल घरी असतं.

कारणांच्या रकान्यात तर ‘आजारी, गावी, इतर’ एवढंच असतं, आणि निम्मी शाळा ‘इतर’मध्ये जाते. तिथे जुलाब, धाप, वर्दी आली नाही, धाकट्याला सांभाळलं, फी थकली, पाळी, शाळेची धास्ती असे पर्याय स्वतः भरता आले पाहिजेत. एखाद्या मुलीचे दर महिन्याला लागून दोन-तीन खाडे दिसले तर आधी शौचालय बघून या: कडी लागते का, नळाला पाणी आहे का, झाकणाची बादली आहे का. दर सोमवारी पोट दुखतं आणि अकराला थांबतं, तिथे डॉक्टरइतकीच वर्गात चौकशी हवी. बांधकामावर आलेली दाहोदकडची कुटुंबं होळीला गावी जातात. त्यांच्या मुलांना परतीची तारीख जाण्याआधीच विचारून ठेवावी. नवरात्रात रात्री गरबा आणि सकाळी सातची शाळा, तेव्हाचे खाडे दरवर्षीचेच. त्या दिवसांत चाचणी ठेवू नये.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेलं सक्तीचं शिक्षण १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. संचातले तयार निरोप आजही दंडाच्या सुरातच लिहिलेले असतात. तो सूर बदला, नाहीतर उत्तर एकच येतं: ‘ताप होता.’

आमचं मत: ३००च्या आतली शाळा असेल तर घेऊ नका. कागदी हजेरीपत्रकात शेवटचा रकाना आखा आणि दर शनिवारी प्रत्येकाच्या खाड्यांची चढती बेरीज लाल शाईने लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे. मोठ्या शाळेने घ्यावा, पण विकणाऱ्याला आधी एकच पान उघडून दाखवायला सांगा: मुलाचं नाव, वर्षाचे खाडे, वार आणि कारण. ते पान मागाहून बसवून देतो म्हणाला, तर पैसेही मागाहून द्या.