दोनशे रुपयांत अख्खं कोची

बँकेत बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. खोटी नोट मला बघावी लागत नाही, बोटाला कळते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना 'या बाबाला एवढंही कळू नये?' असं तुमच्या मनात येणारच. घरात ते म्हणून झालेलं आहे, एकदा नाही, बरेचदा.

मुंबईहून निघालेलं क्रूझ कोचीला एक दिवस थांबणार होतं. मी, बायको आणि माझी आत्या. आत्या शहात्तर वर्षांची, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी हैराण. तिनं महिनाभर आधी डायरीत तीनच नोंदी करून ठेवल्या होत्या. वास्को द गामाची कबर, मट्टनचेरीच्या राजवाड्यातलं रामायण आणि ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या चिनी फरशा. त्या फरशा हातानं रंगवलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी नाही, हे तिनं मला जहाजावर चार वेळा सांगितलं. जहाजाच्या सहलीचे माणशी साडेतीन हजार होते. साडेदहा हजार त्यांच्या घशात कशाला घालायचे, आपले आपण फिरू, हा निर्णय माझा. तो चूक नव्हता, असं मी अजूनही म्हणतो. चूक फाटकापाशी झाली.

सकाळी आठला बोट धक्क्याला लागली, पण उतरायच्या रांगेत साडेनऊ वाजले. चारला सगळे परत आत हवेत, अशी घोषणा दर पाच मिनिटांनी होत होती. ती घोषणा फक्त आपल्यासाठी असते असं आपल्याला वाटतं. बाहेरच्या रिक्षावाल्यांना ती आपल्याइतकीच पाठ असते.

धक्का आहे विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून 1920-30 च्या दशकांत हे बेट उभं केलं, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली. आत्या हे सांगतच होती, तेवढ्यात एक हसतमुख माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चित्रांचं कार्ड घेऊन पुढे आला. "साब, ओन्ली टू हंड्रेड. फुल कोची, सेवन प्लेस. मम्मी को चलना नहीं पड़ेगा." शेवटच्या वाक्यानं काम केलं. फोर्ट कोचीला नुसतं जाऊन यायचं म्हटलं तरी मीटरनं दोनशेच्या वर होतील. मग हा दिवसभर दोनशेत फिरवणार कसा? पाणी कुठं मुरतंय, हा प्रश्न कर्जाच्या प्रत्येक अर्जावर मी विचारायचो. त्या दिवशी नाही विचारला.

पहिला तास मजेत गेला. सेंट फ्रान्सिस चर्च पाहिलं. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये बांधायला घेतलेलं, आत छताला दोरीनं ओढायचे जुने पंखे अजून टांगलेले. "अंदर वास्को द गामा है," रिक्षावाला म्हणाला. आत्या म्हणाली, "कोणी नाहीये रे आत. 1524 च्या डिसेंबरात इथं गेला, 1539 मध्ये पोर्तुगालला नेला. रिकामी कबर आहे." मग त्या रिकाम्या कबरीपुढे ती हात मागे बांधून दहा मिनिटं उभी राहिली.

पुढे चिनी मासेमारीची जाळी. एका कोळ्यानं 'आओ आओ' करून दोर माझ्या हातात दिला, बायकोनं फोटो काढला आणि त्यानं पाचशे मागितले. दोनशेवर मिटलं. हा प्रकार बऱ्याच जणांना ठाऊक असतो, मलाही होता. तरी दोर धरलाच.

खरा कात्रजचा घाट इथून पुढे. मी म्हटलं, आता मट्टनचेरी. त्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि चेहरा पाडून सांगितलं, "पॅलेस आज बंद. सिनेगॉग भी, प्रेअर है." वार गुरुवार. आत्या म्हणाली, माझ्या माहितीत राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तो तिच्यापेक्षा शांतपणे म्हणाला, "मम्मी, मैं इधर का आदमी है." आणि मी, तिचा सख्खा भाचा, त्याचं खरं मानलं. फोन खिशात होता. दोन मिनिटांत बघता आलं असतं.

मग त्यानं जे केलं त्याला मी मनातल्या मनात दाद देतो. तो सरळ म्हणाला, "साब, सच बोलता है. दो दुकान में दस-दस मिनट बैठो. खरीदना मत. मेरे को कूपन मिलता है, बच्चे का फीस निकलता है." आता एवढं खरं बोलणाऱ्यावर कोण संशय घेणार? आम्हाला त्याची कीव आली. आपणच त्याच्यावर उपकार करतोय, अशा थाटात आम्ही आत शिरलो.

पहिलं दुकान काश्मिरी शालींचं. कोचीच्या त्या घामट उकाड्यात काश्मिरी शाली! चहा आला, दार लोटलं गेलं, गालिचे उलगडले जाऊ लागले. एक उलगडला की उठणं अवघड, पाच उलगडल्यावर तर माणसाला लाजच वाटते. पस्तीस मिनिटं गेली. बायकोनं शेवटी अठराशेचा स्टोल घेतला, निव्वळ सुटका म्हणून.

दुसरं मसाल्यांचं. बाहेर 'सरकारमान्य, होलसेल' अशी पाटी, आत पांढरा कोट घातलेला माणूस. मिरी, वेलची, जायफळ हातावर ठेवून वास घ्यायला लावत होता आणि मिरी खरंच झणझणीत होती. बाटल्यांवर किंमत नाही, तो तोंडी सांगणार. मिरीवर विश्वास बसल्यावर त्यानं कपाटातून डबी काढली. 'केरळा केसर', दहा ग्रॅम अडीच हजार. आत्या माझी बाही ओढत म्हणाली, "अरे, केशर काश्मीरचं ना?" तो म्हणाला, मुन्नारच्या थंडीत होतं. मुन्नार थंड आहे हे मला माहीत होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. वेलची धरून साडेचार हजारांची खरेदी झाली. पैसे यूपीआयनं दिले. फोनवर आलेलं नाव दुकानाचं नव्हतंच, कुणा भलत्याच व्यक्तीचं होतं. बिल मागितलं तर पाठकोऱ्या चिठ्ठीवर आकडे. जीएसटी नंबर नाही, सही नाही. अशी चिठ्ठी कुणी माझ्या काउंटरवर आणली असती तर मी तिथल्या तिथं परत केली असती.

बाहेर आलो तर सव्वा वाजलेला, रिक्षा जागेवर नाही आणि आत्याची पिशवी रिक्षात. "सामान रहने दो, सेफ है," असं त्यानंच सांगितलं होतं. पिशवीत तिची रक्तदाबाची गोळी आणि जहाजात परत चढायचं कार्ड.

आत्या शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसली. आतले म्हातारे गृहस्थ आमचं बोलणं ऐकून बाहेर आले आणि कोकणीत विचारू लागले, कुठून आलात. मट्टनचेरीत गौड सारस्वतांची मोठी वस्ती आहे. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून आलेली ही घरं. चेरलाईला त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. आत्याला एकदम उत्साह आला. 'होर्तुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवर डचांनी काढलेल्या ग्रंथाचा विषय निघाला, त्यात इथल्या कोकणी वैद्यांनी 1675 मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र छापलं आहे, ते आठवून दोघं गप्पांत रंगली. मी घड्याळाकडे बघत घाम पुसत होतो. बोलता बोलता आत्यानं 'राजवाडा आज बंद ना' म्हटलं. ते चकित झाले. त्यांनी हात करून दाखवला. राजवाड्याचं फाटक तिथून चार मिनिटांवर होतं आणि शाळेची मुलं रांगेनं बाहेर पडत होती.

ज्यूंचं प्रार्थनास्थळही सकाळपासून उघडं होतं. पण ते दुपारी एक ते तीन बंद असतं. म्हणजे सकाळी जे खोटं होतं, ते दोन दुकानं फिरवून त्यानं खरं करून दाखवलं.

राजवाडा आम्ही पंचवीस मिनिटांत पाहिला. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या यज्ञापासून पुढे सगळं रामायण आहे, गेरू, हिरवा आणि पिवळा रंग, माणसाला माणूस चिकटलेला. आत्या नाक भिंतीजवळ नेऊन एकेक प्रसंग ओळखत होती. वनवास सुरू झाला आणि मी तिला बाहेर ओढलं.

रिक्षा परत उभी होती. आता भाडं बाराशे. वेटिंग, पार्किंग, रिटर्न. मी आवाज चढवला, तसे आणखी तिघे गोळा झाले. तो मात्र तसाच हसत होता. "साब, ब्रिज पे जाम है. शिप छूटेगा." पिशवी त्याच्या सीटमागे. कोकणी गृहस्थ मध्ये पडले, मल्याळममध्ये बरंच काही बोलले, तेव्हा नऊशेवर आला. मी मुकाट्यानं दिले, पिशवी घेतली आणि दुसरी गाडी अ‍ॅपवरून बोलावली. तिचे दोनशे तीस झाले, पूल मोकळा होता. तीनलाच आम्ही धक्क्यावर. आणखी तासभर मट्टनचेरीत थांबता आलं असतं आणि तीनला प्रार्थनास्थळ उघडलंही होतं, हे आत्या बोलली नाही. तिनं फक्त डायरी उघडून पाहिली आणि मिटली.

रात्री जेवणाच्या टेबलावर नाशिकचं एक जोडपं भेटलं. त्यांनी सकाळीच अ‍ॅपची गाडी करून थेट मट्टनचेरी गाठली, राजवाडा आणि प्रार्थनास्थळ एकच्या आत उरकलं, मग फोर्ट कोची पायी. जाळी, चर्च, बॅसिलिका सगळं हाकेच्या अंतरावर आहे म्हणाले. कुठं बंद असतं, कधी उघडतं, हे त्यांनी आदल्या रात्री कागदावर उतरवून घेतलं होतं.

पर्यटकांसाठीच्या 1363 या हेल्पलाइनवर मी फोन केला. माणूस नीट बोलला, रिक्षाचा नंबर विचारला. माझ्याकडे नव्हता.

केशराचा निकाल घरी लागला. कोमट दुधात काडी टाकताच दूध क्षणात पिवळंधमक झालं, वास शून्य. खरं केशर रंग हळूहळू सोडतं आणि काडी लालच राहते. बायकोचं माहेर सोलापूरकडचं. तिनं चिमूटभर तळहातावर घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "ही तर करडई. आमच्या रानात पाकळ्या वाऱ्यानं उडून जातात, कुणी वेचत नाही."

डबी आत्यानं मागून घेतली. तिच्या टेबलावर आहे, डायरीशेजारी. परवा तिनं मला नेत्रावती एक्स्प्रेसचं एर्नाकुलमचं आरक्षण करायला सांगितलं, दोन तिकिटं. "चार दिवस राहू," म्हणाली, "आणि काढताना वार बघ. मट्टनचेरीत बुधवार किंवा गुरुवार यायला हवा."