दीडशे रुपयांची वर्गणी आणि एक न पटलेला मुद्दा

ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. एका मराठी राजकीय भाष्यकारांच्या कार्यक्रमाची वर्गणी आठ महिने भरतेय, महिना दीडशे रुपये. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण नाव दिसलं की लोक वाचायच्या आधीच बाजू घेतात.

आठवड्याला तीन भाग येतात, अर्ध्या-पाऊण तासाचे, जाहिरातींशिवाय. महिनाअखेर सभासदांची प्रश्नोत्तरं. मी भाजी निवडताना ऐकते, शेजारी आमचे हे. यांना सगळं पटतं, मला निम्मं. तरी ऐकते, कारण माणूस अभ्यास करून बोलतो. आकडा कुठून घेतला ते सांगतो आणि विरोधकाला अरे-तुरे करत नाही.

‘एक देश, एक निवडणूक’ म्हणजे लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायची योजना; तिच्यावरच्या भागात मात्र मी अडले. त्यांचं म्हणणं, सारख्या निवडणुका म्हणजे सारखी आचारसंहिता आणि कामं ठप्प. हे खोटं नाही. २०२४ मध्ये आपण ते दोनदा पाहिलं, लोकसभेला आणि मग विधानसभेला. पण पुढे ते म्हणाले, सामान्य माणसाला पाच वर्षांत एकदा मत दिलं की पुरे. मेथीची जुडी बाजूला ठेवून ते वाक्य मी परत ऐकलं.

ठाणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. मुदत संपण्याआधीच निवडणूक घ्या, असं राज्यघटनेचं २४३-यू कलम सांगतं. तरी १३१ नगरसेवकांचं सभागृह वर्षानुवर्षं रिकामं राहिलं. त्याच काळात आमच्या फाटकाबाहेरचं गटाराचं झाकण खचलं, सळई वर आली. सासूबाईंच्या चपलेचा पट्टा तिच्यात अडकला. मी हात धरला होता म्हणून पडल्या नाहीत. पूर्वी संध्याकाळी नगरसेविकेच्या दारात जाऊन उभं राहिलं की ती निदान बघायला यायची. प्रशासकांच्या काळात मात्र अर्ज, पोच, पुन्हा अर्ज. अर्ज घेणारे सभ्यपणे बोलले, पण त्यांना आमच्या दारी मत मागायला यायचं नव्हतं. हा फरक भाष्यकारांनी हिशेबात धरलेला नाही, असं माझं मत.

दुसरं म्हणजे, १९६७ पर्यंत लोकसभा-विधानसभा बहुतांशी एकत्रच होत होत्या. मग विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाल्या आणि ते गणित मोडलं. डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या विधेयकानुसार विधानसभा मध्येच विसर्जित झाली, तर नवी निवडणूक फक्त उरलेल्या मुदतीसाठी. मग निवडणुका कमी कशा होणार?

दोन्ही प्रश्न पाठवले. पहिला त्यांनी पूर्ण वाचला, एक शब्द न गाळता. या योजनेसाठी नेमलेल्या, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने स्थानिक निवडणुका लोकसभा-विधानसभेनंतर १०० दिवसांत घ्यायला सांगितल्या आहेत, तेव्हा उलट त्या वेळेवर होतील, असं उत्तर दिलं. त्यात तथ्य आहे. मी तेवढा विचार केला नव्हता. पण कायद्यात लिहिलेलं असूनही ठाण्यात निवडणूक वेळेवर झाली नाही, यावर ते थांबले आणि ‘हे मला मान्य करावं लागेल’ म्हणाले. दुसऱ्या प्रश्नापर्यंत वेळ संपला. एका तासात इतक्या जणांचे प्रश्न घेतात की कशालाच पुरेसा वेळ मिळत नाही. सेवेतली खरी उणीव हीच.

ज्यांचे विचार त्यांच्याशी जुळत नाहीत, त्यांनी जरूर वर्गणी भरावी. मी पुढच्या तीन महिन्यांची भरली आहे. प्रश्न परत पाठवलाय, या वेळी तो एकच.