सॅरिस बोन्स कॅरियर: सायकली तो सांभाळतो, रंग तुम्हाला सांभाळावा लागतो

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकल चालवायला बंदी. त्यामुळे मुंबईहून लोणावळा, पवना भागात राइडला जाणारे बरेच जण सायकल गाडीच्या मागे बांधून नेतात. छतावरच्या कॅरियरला क्रॉसबार (छतावरच्या आडव्या दांड्या) लागतात आणि सायकल डोक्याच्या वर उचलावी लागते. हिचवरचा, म्हणजे गाडीच्या मागे चॅसीला बसवलेल्या ओढणीच्या जोडावरचा, चांगला, पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हिचच नसतो. उरतो पट्ट्यांनी डिकीवर बसणारा. त्यात सॅरिस कंपनीचा दोन सायकलींचा बोन्स हे जुनं, भरवशाचं नाव. कमानीसारखे पाय, गंज न धरणारं प्लास्टिक, रबरी पावलं, वजन जेमतेम चार किलो. प्रत्येक सायकलीला साधारण 16 किलोची मर्यादा. रोडबाइक, हायब्रिड, बहुतेक एमटीबी (माउंटन बाइक) त्यात बसतात, ई-बाइक नाही.

कॅरियर म्हणून तक्रारीला जागा नाही. पण “रबरी पावलं आहेत, रंगाला काही होत नाही” हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं. रबर रंग घासत नाही, रबराखाली अडकलेली धूळ घासते. खड्ड्यांच्या रस्त्यावर कॅरियर सतत बारीक थरथरतो आणि पावलाखालची खडीची पूड पॉलिश पेपरचं काम करते. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. गडद रंगाच्या गाडीवर एका पावसाळी राइडमध्येही धुरकट गोल उमटू शकतो.

यावर सिरॅमिक कोटिंगचा उपयोग नाही. तो थर इतका पातळ असतो की दाबाखालच्या घासणीपुढे टिकत नाही. जुना टॉवेल पावलाखाली घालणं तर त्याहून वाईट: टॉवेल धूळ आणि ओल दोन्ही धरून ठेवतो, वर सरकतोही. लागतं ते पीपीएफ, म्हणजे 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. अख्ख्या गाडीला लावायची गरज नाही. पीपीएफच्या दुकानात कापून उरलेले तुकडे मागा.

आधी गाडी धुऊन कॅरियर एकदा नुसता बसवून बघा. पावलं, हुक आणि पट्टे जिथे टेकतात तिथे मास्किंग टेपने खुणा करा, मग कॅरियर काढा. खुणेपेक्षा चहूबाजूंनी 2 सेंमी मोठा तुकडा कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा आधी उचलतो आणि त्याखाली मळ शिरतो. जागा पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून पत्र्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर फवारा, फिल्म सरकवून जागेवर आणा आणि मधून कडेकडे पाणी काढा. डिकीच्या कडेवर, जिथे हुक अडकतो, तिथे हेअर ड्रायरने फिल्म मऊ करून आत वळवा. ही कड सोडून चालत नाही. हुकावर प्लास्टिकचं आवरण असलं तरी सगळा ताण तिथेच येतो आणि कडेचा रंग उडाला की गंज सुरू. त्यानंतर दोन दिवस गाडी धुऊ नका. डिकी नुकतीच रंगवली असेल तर महिनाभर तरी थांबा, नाहीतर फिल्म काढताना रंग सोबत येतो.

आपल्या हॅचबॅकवर खरी अडचण स्पॉयलरची. तो प्लास्टिकचा असतो, वरचा पट्टा त्यावरून ताणला तर तडकू शकतो. कंपनीच्या फिट गाइडमध्ये (कॅरियर कुठल्या गाड्यांवर बसतो त्या यादीत) तुमची गाडी नसेल तर जुगाड करू नका. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून बांधा, कारण वाऱ्यावर फडफडणारा पट्टा दोन तासांत रंगाची चमक घालवतो. ताणलेल्या पट्ट्याला एक अर्धा पीळ दिला की त्याची गुणगुणही थांबते. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे बकल पुन्हा ओढा. पहिल्या खड्ड्यांनंतर पट्टे सैल होतातच.

पहिली सायकल चेनची बाजू बाहेर ठेवून चढवा. आतल्या बाजूचं पेडल काच किंवा बंपर हमखास ठोकतं. ते काढून टाका (डावं पेडल उलट आट्यांचं असतं) किंवा क्रॅंक फ्रेमला वेल्क्रोने बांधा. पुढचं चाकही बांधा, नाहीतर हॅंडल वळून ब्रेक लिव्हर पत्र्याला लागतो. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर नको. मागचा वायपर चालू करू नका. नंबरप्लेट आणि दिवे झाकले गेले तर चलान ठरलेलं.

आदल्या रात्रीची तयारीही गाडीपासून लांबच. सायकल गाडीला टेकवायची नाही, हे निम्मे ओरखडे वाचवतं. चेनचा स्प्रे आणि डिग्रीझर वाऱ्याने पत्र्यावर जातात. सगळ्यात घातक ब्रेक ऑइल. शिमानोच्या डिस्क ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, ते पुसलं तरी भागतं. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या अनेक ब्रेकमध्ये मात्र डॉट फ्लुइड (गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं तसं) असतं, आणि ते गाडीचा रंग सोलून काढतं. थेंब पडलाच तर फडक्याने चोळून पसरवू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

बोन्स घ्यावा का? पोलादी डिकीची सेडान किंवा बिनस्पॉयलरची हॅचबॅक असेल आणि महिन्यातून एक-दोनदा राइड होत असेल, तर नक्की. कॅरियर आठवडाभर गाडीवर तसाच ठेवणाऱ्यांनी विचार करावा: पावलांखाली ओल साठते. राइडहून आल्यावर कॅरियर उतरवा, पावलांचं रबर ओल्या फडक्याने पुसा. फिल्मच्या कडा काळ्या पडल्या की ड्रायरने गरम करून, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढत सावकाश काढा आणि नवे तुकडे लावा.