तीन वर्षांच्या मुलीला अंगणवाडीत घालावं की नर्सरीत?

मावसबहिणीच्या मुलीला जूनमध्ये तीन वर्षं पूर्ण होतील. गल्लीत अंगणवाडी आहे, इंग्रजी नर्सरीला व्हॅन लागेल. ताईचं काही ठरत नाहीये.

खर्च: अंगणवाडी मोफत. नर्सरीची फी, गणवेश, व्हॅन धरून वर्षाचा आकडा लेखी मागावा.

आहार-आरोग्य: इथे अंगणवाडी सरळ पुढे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पूरक आहार ठरलेला आहे. सेविका वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडते. रेघ वर चढायची थांबली की वेळीच कळतं. नर्सरीत डबा आपलाच आणि वजनावर लक्षही आपणच ठेवायचं.

शिकणं: या वयात बोटं लिहायला तयार नसतात. मणी ओवणं, कणीक मळणं, बडबडगीतं, गोष्ट ऐकून मधेच प्रश्न विचारणं, हाच अभ्यास. नर्सरीत गृहपाठाची वही दिसली तर मी तिथे मूल घालणार नाही, इमारत कितीही देखणी असो. अंगणवाडीत अडचण वेगळी: सेविकेवर नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणांचा भार, खेळाला वेळ उरतो का, ते सकाळी जाऊन बघावं.

वागणूक: रडणाऱ्या मुलाजवळ बाई खाली बसतात की लांबून दटावतात, हे दोन्हीकडे पाहा.

सेविका मुलांत रमणारी असेल, मूल अशक्त असेल किंवा पैसे जपून वापरायचे असतील तर अंगणवाडी. आईवडील दोघंही दिवसभर बाहेर आणि नर्सरीला जोडून चांगलं पाळणाघर असेल तर नर्सरी.